डावा पाय कोरा ठेवा

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची उजवीकडची मिशी काळीकुळकुळीत होती आणि डावीकडची पांढरीशुभ्र.

मी खोली बघायला गेलो होतो. समोरच्या माणसाची मिशी अर्धीच रंगलेली असताना भाड्याची बोलणी करताना नजर कुठे ठेवायची, हे काही मला बी.एड.ला शिकवलं नव्हतं. मी त्यांच्या कपाळाशी बोलत राहिलो. शेवटी त्यांनीच सोडवलं.

"मिशी बघताय ना मास्तर? बघा की राव, लाजताय काय! कलप नवा हाय. आठ दिस एकाच बाजूला लावून ठिवलाय. खाज सुटली, पुरळ उठलं, तर कशानं उठलं ते कळाया नगं? दोन्हीकडं लावल्यावर काय कळणार, माझं कपाळ?"

"पण मालक, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या मिशीला कुठं लावलाय?"

त्याच मिशीनिशी ते त्या आठवड्यात मंचरला एक लग्न लावून आले. फोटोग्राफरनं नवरदेवापेक्षा जास्त फोटो ह्यांचेच काढले, असं गावात अजून सांगतात.

त्यांची द्राक्षबाग नारायणगावच्या अलीकडे, आणि बागेच्या कडेलाच घर. घराला बाहेरून मस्त पिस्ता रंग. आम्हाला दिलेल्या मागच्या खोल्यांच्या भिंती मात्र नुसत्या सिमेंटच्या. मला वाटलं रंग कमी पडला असेल. तसं नव्हतं. "रंगानं भित टिकती का नुसती दिसती, त्ये बघायचंय. धा वर्सं थांबा, कळंल," असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मी त्यांच्या प्रयोगात राहत होतो आणि वर भाडंही देत होतो.

बागेतही तेच. कुठलंही नवं औषध आलं की सगळी बाग फवारायची, पण एक ओळ सोडायची. तिला ते 'कोरी ओळ' म्हणायचे. शेजारचे बागाईतदार हसायचे. एकजण म्हणाला, "मालक, त्या वळीनं तुमचं काय घोडं मारलंय?" मालक म्हणाले, "तुझी समदी बाग बरी झाली, तर औषधानं बरी झाली का ऊन पडलं म्हणून, हे तू कुणाला इचारणार? तुझ्या बायकोला?"

सातवी पास माणूस. आणि मी त्याच गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. 'तुलनेसाठी एक कुंडी अंधारात ठेवा' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. स्वतःच्या आयुष्यात एकही कुंडी मी कधी अंधारात ठेवली नव्हती. मीच कायम अंधारात असायचो.

मालकांची दुसरी खोड लेबलं वाचण्याची. बागेच्या औषधांच्या डब्यांवर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे जहाल विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मालक प्रत्येक डबा डोळ्यांपासून हातभर लांब धरून मोठ्यानं वाचायचे, आणि आयुष्यभराची ही सवय त्यांनी डब्यांपुरती ठेवली नव्हती. बिस्किटाचा पुडा, अगरबत्ती, लग्नपत्रिका, काहीही वाचायचे. आमच्या मुलीचं बारसं झालं, पाहुण्यांनी पावडर-तेल-साबणाचा गुलाबी डबा दिला, तो मालकांनी चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"त्रिकोण कुठाय?"

"मालक, बाळाची पावडर आहे ती."

"मंग तर पायजेच."

मी हसलो. मुलीच्या आईनं, म्हणजे आमच्या सौ.नं, मुकाट्यानं डबा उचलून माळ्यावर ठेवला. आमच्या घरात अक्कल कुणाला होती ते तेव्हाच ठरलं होतं, फक्त मला कळवण्यात आलं नव्हतं.

मुलीला चौथा महिना लागला, थंडी सुरू झाली, आणि तिचे गाल लाल झाले. आधी वाटलं, थंडीनं. मग हातांवर चट्टे उठले, मग नडग्यांवर. कातडी माशाच्या खवल्यासारखी खरखरीत. खाज इतकी, की पोर गाल आईच्या खांद्यावर घासत राहायची, घासून घासून रक्त काढायची. आम्ही तिच्या हातांना पायमोजे घातले, तर ती मोज्यानंच घासायची. झोप म्हणून नाही. तिला नाही, तिच्या आईला नाही. मला लागायची, हे इथे कबूल करतो.

गावातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लांबूनच पाहिलं, "एक्झिमा. मोठी झाली की जाईल," म्हणाले आणि एक गोड औषध लिहून दिलं. मोठी झाली की जाईल, पण तोवर आमचं काय, हे विचारायचं राहिलं. मग घरचे डॉक्टर आले.

माझी आई भीमाशंकरच्या पायथ्याकडची. तिच्या माहेरी डोंगरात हिरडा होतो, तो विकून तिच्या भावांनी घरं बांधली, त्यामुळे हिरड्यावर तिची श्रद्धा. ती हिरडा उगाळून लावायची. सासूबाई पारगावच्या, कारखान्याकडच्या, उसाच्या बागाईतातल्या. त्यांच्या मते डोंगरातलं काय खरं. बाळाला डाळीचं पीठ, हळद आणि साय लावून खसखसून चोळलं पाहिजे, कडकडीत पाण्यानं आंघोळ घातली पाहिजे आणि मग शेगडीत ओवा-वावडिंग टाकून धुरी दिली पाहिजे.

"पोरीच्या आंगात उष्णता हाय," आई म्हणायची.

"उष्णता न्हाई ताई, मळ हाय. वरवर धुत्यात हिला," सासूबाई म्हणायच्या.

सकाळी हिरडा, दुपारी पीठ, संध्याकाळी धूर. शेजारणीनं कडुनिंबाचा पाला दिला, तोही पाण्यात. शिपायानं सांगितलं कोरफड, ती मी स्वतः कापून आणली. पोर अशी दिसायला लागली की सत्यनारायणाचा प्रसाद तिच्यावरच कालवलाय.

एका रविवारी रडण्याचा आवाज ऐकून मालक आत आले. त्यांच्या खिशात पानांवरची कीड बघायचं भिंग असायचं. ते काढून त्यांनी मुलीचा गाल पाहिला, हात पाहिला, मांडीवर घेऊन पाय पाहिले.

"मला कळत न्हाई," मालक म्हणाले.

दीड महिन्यात 'मला कळत नाही' म्हणणारा तो पहिलाच माणूस.

"पर तुमालाबी कळत न्हाई, हे मला कळतंय. काय काय मारताय हिच्यावर?"

"मारताय काय म्हणता! लावतोय," सासूबाई.

"तेच त्ये. सांगा."

त्यांनी फवारणीची वही आणली. त्या वहीत कुठल्या दिवशी कुठलं औषध, किती, हवा कशी होती, सगळं असायचं. मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहायला घेतलं: काय, कुणी, कधीपासून. आईला त्यांनी 'डोंगरच्या आक्का' असं लिहिलं आणि सासूबाईंना 'पारगावच्या आक्का'. यादी अकरावर गेली.

"अकरा औषधं एकदम? मास्तर, माझी येल असती तर मांडवासकट खाली आली असती. बरं, ह्यातलं गुण कशाचा आन् अवगुण कशाचा, कोण सांगंल?"

"माझ्या हिरड्यानं कधी कुणाला अवगुण आला न्हाई," आई.

"मंग असं करा, आक्का. एक पाय सोडा. डावा पाय कोरा ठिवा. त्याला पाणी सोडून काय म्हंजे काय लावायचं न्हाई. बाकी पोरीवर तुमी काय बी करा."

माझी आई आणि सासूबाई लग्नापासून कधी एका बाजूला आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या. "पोर हाय का द्राक्षाची वळ!" दोघी एकदमच म्हणाल्या. पण मालकांना आबा म्हणणारी सौ. म्हणाली, "आबा म्हणतात तसं करायचं. डावा पाय माझा. त्याला कुणी हात लावायचा नाही." आणि तिनं त्या पायाला एक मऊ सुती पायजम्याची नळी चढवून टाकली.

पंधरा दिवसांनी डावा पाय खरखरीत होता, कोरडा होता, पण फुटला नव्हता. उजव्या पायातून पाणी येत होतं.

इथे कुणीही शहाणा माणूस समजला असता. मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे समजलो नाही. मला वाटलं, आपली औषधं गावठी आहेत, खरं औषध पाहिजे. आणि खरं औषध आळेफाट्याला मिळतं. तिथे नाशिकच्या आणि नगरच्या गाड्या थांबतात. एवढ्या लांबचे लोक जिथे उतरतात तिथलं मेडिकलही मोठंच असणार, असा माझा हिशोब.

मी गेलो. काउंटरवर गर्दी. दुकानदारानं विचारलं, "बोला सर." मी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारी उभा माणूस वळला. आठवी ब मधल्या एका मुलाचा बाप. आदल्याच आठवड्यात मी त्याला शाळेत बोलावून, 'मुलाच्या आरोग्याकडे लक्ष द्या, घरगुती उपचार करत बसू नका,' असं अर्धा तास सुनावलं होतं. आता त्याच्यासमोर, पाच महिन्यांच्या लेकराला डॉक्टरकडे न नेता औषध विकत घ्यायला आलोय, हे कसं सांगणार?

"खाज येते," मी म्हणालो.

"कुणाला?"

"मला."

"कुठं?"

मी खाली पाहिलं. दुकानदार समजून हसला, बाप समजून दुसरीकडे बघायला लागला. "जांघेत असंल. लई लोकांना हाय सध्या. ही ट्यूब न्या सर, चार दिवसांत गजकर्ण गायब." पुढच्या सोमवारी आठवी ब मध्ये मी खुर्चीवरून उठलो की पहिल्या बाकावरची मुलं खुर्चीकडे बघायची. पण ते सोडा.

मोठ्या माणसाच्या जांघेतलं गजकर्ण घालवणारी ती ट्यूब मी शाळेतून आल्यावर, सौ. पाणी भरायला गेली की, मुलीच्या गालांना, हातांना आणि उजव्या पायाला चोळायला लागलो. डाव्या पायाला हात लावला नाही. एवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता.

चार दिवसांत चमत्कार झाला. गाल गुळगुळीत, हात गुळगुळीत. पोर झोपली. आई म्हणाली, हिरडा मुरला. सासूबाई म्हणाल्या, पिठानं मळ निघाला. दोघींचं त्यावरून इतकं वाजलं की सासूबाईंनी पारगावला जायला पिशवी भरली. मी मध्ये बसून मिशीतल्या मिशीत हसत होतो. मला मिशी नसूनही. फक्त मालकांनी मुलीला उजेडात नेऊन भिंगातून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, आमी मणी फुगवायला घडाला एक औषध देतो. त्याचं तेज येगळं असतंय. नजरंला कळतं."

"म्हणजे?"

"काय न्हाई. आपलं सांगितलं."

ट्यूब संपली. दुसरी आणायला आळेफाट्याला जायची माझी हिंमत झाली नाही. आणि तीन दिवसांत, जे गेलं होतं ते दुप्पट होऊन परत आलं. गाल सोललेल्या टोमॅटोसारखे. उजव्या पायावर पिवळ्या खपल्या, अंगात ताप, दूध पिणं बंद. सौ.नं मला एकच वाक्य सांगितलं: "मी हिला आत्ता बाळांच्या डॉक्टरकडे नेतेय. तिथून बरी नाही झाली, तर मी हिला घेऊन जाते, आणि तुमच्यापैकी कुणीही मागं यायचं नाही." ह्या 'तुमच्यापैकी'मध्ये तिची स्वतःची आईही होती.

मालकांनी जीप काढली. मागे आई आणि सासूबाई, दोघींच्या मध्ये मी, पुढे सौ. मांडीवर ताप आलेलं लेकरू घेऊन. मालकांनी वाटेतल्या पाट्याही वाचल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई तरुण, आवाज बारीक आणि बोलणं कात्रीसारखं. त्यांनी मुलीला उघडं केलं आणि पहिलं विचारलं, "हा डावा पाय असा कसा राहिला?"

"कोरा ठिवलाय," मालक म्हणाले.

"काय?"

मालकांनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. बागेतल्या पंपापुढे आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज असा की बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या आयांना ऐकू जावं. "हिरडा उगाळून, डोंगरच्या आक्का, रोज सकाळी. डाळीचं पीठ चोळून, पारगावच्या आक्का, रोज. कडक पाणी. धुरी. कडुनिंब. कोरफड, मास्तर. खोबरेल तेलात कापूर, मास्तर. तुरटी, मास्तर..." आई जमिनीकडे बघत होती, सासूबाई कॅलेंडरकडे. डॉक्टरीणबाई शांतपणे ऐकत होत्या.

"ह्यानं कातडी सोलवटेल, कोरडी पडेल," त्या म्हणाल्या. "पण मधेच चार दिवस बरी होऊन मग अशी उसळत नाही. अजून काहीतरी लावलंय. मला ते कळल्याशिवाय मी पुढचं औषध ठरवू शकत नाही. काय लावलंय?"

आईनं सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी आईकडे. दोघींच्या डोळ्यांत एकच होतं: ही लपवतेय. सौ. माझ्याकडे बघत नव्हती. ती मुलीच्या कपाळावर हात ठेवून होती. मी बोललो नसतो तर तो आळ दोघींपैकी एका म्हातारीवर गेला असता, आणि औषध चुकीचं मिळालं असतं माझ्या लेकीला. हे मला स्वच्छ कळत होतं. तरीही मी गप्प होतो. माणूस इतका भित्रा असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मालकांनी वही माझ्यापुढे धरली आणि खिशातलं पेन काढलं.

"बारावं तुमी लिवा मास्तर. मला त्याचं नाव ठावं न्हाई."

मी लिहिलं. ट्यूबचं नाव, दिवस, कुठे कुठे लावली. फळ्यावर इतकी वर्षं लिहितोय, पण अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. "हे तुम्हाला बाळासाठी दिलं?"

"नाही. मी म्हणालो, मला खाज येते."

सासूबाई खुदकन हसल्या. तापलेलं लेकरू समोर असताना हसू आलं म्हणून लगेच रडल्या. आई मात्र वळून मला म्हणाली, "आरं भाड्या, आन् मी हितं हिरड्याचं कौतुक करत बसले व्हय?"

मग डॉक्टरीणबाईंनी मला जे ऐकवलं ते इथे देत नाही. ते खासगी आहे आणि बाहेर बाकावरच्या सगळ्या आयांना ठाऊक आहे. सारांश असा, की ते जोरदार औषध आहे, तान्ह्या कातडीवर त्याला जागाच नाही, आणि एकाएकी थांबवलं की ते असं उलटतं. मग तापावर आणि पिकलेल्या जागेवर औषध दिलं. एक सौम्य मलम दिलं, किती दिवस आणि कुठे ते स्वतः लिहून. बाकी सगळं बंद. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, साबण-पीठ काही नाही, चोळायचं नाही, टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं, जाड मलम भरपूर चोपडायचं. दिवसातून तीन-चारदा. सुती कपडे. धूर नाही.

"एवढंच?" सासूबाईंना फसवल्यासारखं वाटलं.

"एवढंच. रोज करणं अवघड असतं. आणि हे पूर्ण जाणार नाही लगेच, अधूनमधून उठेल. उठलं की इथे यायचं, आळेफाट्याला नाही."

मालकांनी सगळं वहीत टिपलं. मग पेन थांबवून म्हणाले, "डावा पाय कोराच ठिवू ना?"

"कशाला?"

"तुमच्या मलमाचा गुण कळाया नगं?"

"दोन्ही पायांना लावायचं. त्याही पायाला खाज येतेच आहे, आजोबा. तिनं ती तुमच्यासाठी का सोसायची?"

मालकांना तसं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी वही मिटली. जीपमध्ये बसल्यावर स्टिअरिंगला म्हणाले, "बाई बरोबर बोलली." मग गिअर टाकून, "पर आता कळणार कसं?"

ताप तीन दिवसांत उतरला. कातडीला महिना लागला. मलम लावायचं काम सौ.नं आई आणि सासूबाईंना वाटून दिलं, सकाळ एकीची, संध्याकाळ दुसरीची. मला टॉवेल धुवायला दिले. मालक रोज फाटकातून ओरडून विचारायचे, "आज काय नवीन?" आणि "काही नाही" म्हटलं की खूश होऊन जायचे.

जानेवारी संपता संपता आभाळ भरून आलं. ढगाळ हवेत घडांवर भुरी येते, पांढरी बुरशी, आणि एकदा आली की माल गेला. सगळ्या बागांत फवारणीचे ब्लोअर सुरू झाले. मालकांचा ट्रॅक्टरही आमच्या खिडकीखालून धडधडत निघाला. दुपारचे तीन वाजले असतील. सौ. दारात आली. तिनं बोट ओठांवर ठेवलं. मुलगी झोपली होती. हातात मोजे नव्हते, मुठी उघड्या, आणि गाल घासत नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोर दिवसाउजेडी, आपली आपण झोपली होती. सौ. पायरीवर बसली आणि तिथेच भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

मालकांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा पायरीकडे. मग धावत ट्रॅक्टरपुढे जाऊन दोन्ही हात हलवले. ड्रायव्हर ओरडला, "आवं मालक, आठ वळी ऱ्हायल्यात! आभाळ बघा!"

"बंद कर," मालक म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणून ड्रायव्हरला ऐकूच गेलं नाही. शेवटी त्यांनी वर चढून स्वतः किल्ली फिरवली.

मुलगी अडीच तास झोपली. तोवर अंधारलं, पाऊस शिंतडला, फवारणीची वेळ निघून गेली, आणि चार दिवसांनी त्या आठ ओळींवर भुरी आली. सौ. रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे गेली. मीही मागोमाग गेलो, अपराध्यासारखा.

"आबा, आमच्यापायी माल गेला तुमचा. आता काय मारायचं त्यावर?"

मालकांनी भिंग डोळ्याला लावलं, एक घड फिरवून पाहिला.

"बघतो मी. कुणाला तरी इचारतो." आणि भिंग न काढताच माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी आळेफाट्याला जाऊ नगा मास्तर."